आनुवंशिक समुपदेशनाचे मोजमाप : रुग्णाच्या बाजूने

आपल्या वार्षिक अहवालात आनुवंशिक समुपदेशन विभागाच्या नावापुढे दरवर्षी एकच आकडा छापला जातो : वर्षभरात किती व्यक्तींना समुपदेशन देण्यात आले. शस्त्रक्रिया, प्रसूती किंवा रक्तपिशव्या यांच्या आकड्यांना जो अर्थ असतो तो या आकड्याला आहे काय, अशी शंका प्रस्तुत लेखकास पुष्कळ दिवस होती. ती दृढ झाली बिलाच्या खिडकीपाशी.

एक तरुण जोडपे समुपदेशन आटोपून खाली आले होते. दोघेही सिकलसेलचे वाहक, म्हणजे आपल्या विदर्भात म्हणतात तसे 'ए. एस. पॅटर्न'चे; थोरला मुलगा 'एस. एस.', म्हणजे प्रत्यक्ष आजारी. अभिप्रायपत्रातील प्रत्येक प्रश्नापुढे त्यांनी 'उत्तम' अशी खूण केली होती. पावती घेताना त्या बाईंनी रोखपालास सहज विचारले, "चारांत एक म्हणाले, तो तर झाला. आता पुढचे तिघे चांगलेच निघतील ना, भाऊ?"

दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिल्या अपत्याने ती शक्यता 'वापरली' जात नाही. दर खेपेस चिठ्ठी नव्याने टाकली जाते. समुपदेशकांनी सांगितले ते अचूकच होते. बाईंच्या पदरी मात्र नेमके उलटे पडले, आणि याचा मागमूस ना आमच्या आकड्यात होता, ना अभिप्रायपत्रात. अभिप्रायपत्राने मोजले ते बसण्याची सोय आणि गोड बोलणे. (त्या जोडप्यास त्याच दिवशी पुन्हा वर नेऊन समजावून देण्यात आले.)

मग मोजावे काय? 'जेनेटिक कौन्सेलिंग' ही संज्ञा अमेरिकेतील शेल्डन रीड यांनी १९४७ साली रूढ केली. यात गोळी नाही, टाके नाहीत. रुग्ण घरी घेऊन जातो ती केवळ समज. किती जोडप्यांनी गर्भाची तपासणी करून घेतली किंवा किती आजारी बालकांचे जन्म टळले, हे यशाचे माप धरावे असे काहींना वाटते. प्रस्तुत लेखकास हे माप धोक्याचे वाटते, कारण मग समुपदेशक नकळत त्या आकड्याकडे जोडप्यास ढकलू लागेल. एक जोडपे तपासणीचा निर्णय घेते, दुसरे घेत नाही. दोघांचेही समुपदेशन उत्तम झालेले असू शकते. प्रसवपूर्व निदानासंबंधीचा १९९४ चा कायदाही हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी अशा तपासणीस मुभा देतो, परंतु गर्भवतीस परिणाम समजावून तिला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घेणे बंधनकारक करतो. जिला 'चारांत एक' याचा अर्थच उमगला नाही, तिच्या सहीला संमती कसे म्हणावे?

रुग्णाची चिंता कमी झाली की नाही, हेही माप पुरेसे नाही. वाईट बातमी नीट समजली तर चिंता काही काळ वाढणारच.

या प्रश्नाचा सर्वांत उपयुक्त विचार ब्रिटनमध्ये झालेला दिसतो. तेथे मॅरियन मॅकॲलिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण व कुटुंबीयांकडूनच जाणून घेतले की, उपचार नसतानाही या सेवेतून त्यांना काय लाभते. उत्तरांतून जे निघाले त्यास त्यांनी सबलीकरण म्हटले : स्थिती समजणे, निर्णय घेता येणे, त्यानुसार वागता येणे, मन सावरता येणे आणि भविष्याविषयी आशा वाटणे. त्यावरून २०११ साली चोवीस विधानांची श्रेणी प्रसिद्ध झाली. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत हे रुग्णाने सात पायऱ्यांवर सांगावयाचे. एकूण गुण २४ ते १६८. ही पत्रिका समुपदेशनापूर्वी व नंतर अशी दोनदा भरून घेतात आणि दोहोंतील फरक हे सेवेचे फलित मानतात. आरंभीची शिल्लक व अखेरची शिल्लक यांची सवय असलेल्या माणसास ही रीत चटकन पटते. २०१९ मध्ये सहा विधानांची लहान श्रेणीही तयार झाली.

ती मराठीत उतरवून उद्यापासून वापरावी, इतके मात्र सोपे नाही. सात पायऱ्यांतील फरक आमच्या बहुसंख्य रुग्णांना कृत्रिम वाटेल. समुपदेशकासमोर, शेजारी सासूबाई बसलेल्या असता, सून 'नाही समजले' असे म्हणणार नाही. आणि नातलगांना सांगता येणे या एका बाबीस येथे निराळेच वजन आहे. वाहक मुलीस आजारी ठरवून जमलेली सोयरीक मोडली जाते. वास्तविक नियोजित वराचा पॅटर्न 'ए. ए.' असेल तर त्यांचे एकही अपत्य सिकलसेलने आजारी होणार नाही. प्रत्येक अपत्य वाहक असण्याची शक्यता तेवढी निम्मी. हे त्या मुलीला भावी सासरी ठामपणे सांगता येते काय, हे ज्या पत्रिकेत विचारलेले नाही ती आमच्या कामाची नाही.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. तपासणी वाढेल तसा आमच्या दारी 'ए. एस.'चा कागद हाती घेऊन येणाऱ्यांचा ओघही वाढेल. म्हणून विभागाने सुरुवात लहान करण्याचे योजिले आहे. समुपदेशनानंतर प्रत्येक स्त्रीस एकटीला, समुपदेशकाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीने विचारावे : "घरी गेल्यावर हे कसे सांगाल?" तिचे उत्तर तिच्याच शब्दांत टिपून घ्यावे, आणि महिन्याभराने दूरध्वनीवर तोच प्रश्न पुन्हा विचारावा. श्रेणीचा रीतसर मराठी अनुवाद, त्याचा उलट अनुवाद व चाचणी हे काम त्यासोबत चालेल.

यास अर्धवेळ सहायिकेचे वेतन लागेल व प्रत्येक जोडप्यामागे वेळही अधिक जाईल. पुढील अहवालात समुपदेशन दिलेल्या व्यक्तींची संख्या बहुधा यंदापेक्षा कमी दिसेल, हे विश्वस्त मंडळ व देणगीदार यांच्या निदर्शनास आताच आणून देत आहे.