वाड्याचं नाव घेताय की फ्लॅट?

साताऱ्यात जुना वाडा पाडून टॉवर उभा राहिला की जाहिरात येते, 'ऐतिहासिक पेठेत घर!' मीही भुललो होतो. सातव्या मजल्यावरून अजिंक्यतारा समोर दिसत होता. विकणारा म्हणाला, "आज वीस टक्के भरा, करार नंतर बघू."

मी उठून आलो. का? रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे लेखी करार करून त्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि ते वीस टक्के म्हणजे माझ्या दुकानाचा दिवाळीचा माल होता!

वाड्याची जागा असेल तर तीन गोष्टी बघा. एक, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड. वाड्याला वारस अनेक असतात, सगळ्यांच्या सह्या हव्यात. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. दोन, जुने भाडेकरू. त्यांचा हक्क कागदावर मिटलाय का? तीन, महारेरा नंबर स्वतः तपासा आणि दर कार्पेट एरियावरच काढा.

सांगलीत चौथी गोष्ट, पाणी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. सातव्या मजल्यावर तुम्ही कोरडे राहाल हो, पण मीटर, पंप आणि गाडी कुठे आहे? पार्किंगमध्ये जाऊन बघा.

दुकानात माल घेताना आपण पोतं उघडून बघतो. मग आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी नुसत्या नावावर कशाला?