हायड्रोसच्या गंधकाचा जमाखर्च

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघाले, की त्यांच्या पाठोपाठ हायड्रोसच्या बातम्याही निघू लागतात: कोठे गुऱ्हाळावर छापा, कोठे रव्यांचे नमुने तपासणीला रवाना, आणि अखेरीस गंधकाच्या प्रमाणाविषयी एक त्रोटक, रुक्ष निष्कर्ष. काळपट रसाला घटकाभरात पिवळाजर्द करणारी ही पांढरी भुकटी काय चीज आहे, हे करवीरच्या वाचकाला नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु काहिलीत जे पडते आणि प्रयोगशाळेत जे मोजले जाते, ते दोन पदार्थ एक नव्हेत, ही गोष्ट मात्र बातमीत सहसा येत नाही; आणि ती उमजायची तर अकरावीच्या रसायनशास्त्रातील ऑक्सिडीकरण अंकाच्या त्या प्रकरणाकडे वळावे लागते, जे विद्यार्थी परीक्षेपुरते घोकतात आणि परीक्षेनंतर आनंदाने विसरतात.

हा अंक म्हणजे अणूच्या अंगावरचा प्रत्यक्ष विद्युत्‌भार नव्हे. ती एक मानीव खतावणी आहे. दोन भिन्न अणूंच्या बंधात इलेक्ट्रॉन वस्तुतः सामाईक असले, तरी खतावणी लिहिणारा कारकून ते सर्वच्या सर्व अधिक ओढाळ अणूच्या नावे मांडतो, आणि बंधाचे दोन्ही अणू एकाच मूलद्रव्याचे निघाले तर निम्मे निम्मे वाटून मोकळा होतो. ज्याच्या खाती इलेक्ट्रॉन चढले त्याचा अंक ऋण, ज्याचे गेले त्याचा धन. अमेरिकन रसायनज्ञ वेंडेल लॅटिमर यांनी १९३८ साली आपल्या ग्रंथाच्या नावातच ही संज्ञा घातली. तथापि तिची सर्वांगीण व्याख्या ठरविण्यासाठी पावेल कारेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१४ साली आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेकरिता एक सविस्तर अहवाल सिद्ध करावा लागला. शाळेत चार नियमांत उरकल्या जाणाऱ्या विषयावर तज्ज्ञ मंडळी पाऊण शतक खल करीत होती, हे पाहून घोकंपट्टीने गांजलेल्या मुलांना थोडा दिलासा मिळावा.

आता हायड्रोसचे दप्तर उघडू. त्याचे शास्त्रीय नाव सोडियम डायथायोनाइट. त्याच्या घटनेत सोडियमचे दोन, गंधकाचे दोन आणि ऑक्सिजनचे चार अणू. सोडियमचे दोन मिळून अधिक २, ऑक्सिजनचे चार मिळून उणे ८, आणि एकंदर बेरीज शून्य यावयाची. तेव्हा दोन गंधकांच्या वाट्याला अधिक ६, म्हणजे प्रत्येकी अधिक ३. गंधकाच्या नेहमीच्या बैठकी उणे २, शून्य, अधिक ४ आणि अधिक ६ या. अधिक ३ ही त्याची अवघडलेली जागा. त्यातही हे दोन गंधक ज्या बंधाने परस्परांना जखडलेले असतात, तो बंध विलक्षण लांब आणि दुबळा असतो. तो तुटला की जे दोन अर्ध उरतात, ते दुसरेतिसरे काही नसून सल्फर डायॉक्साइडचेच रेणू, फक्त प्रत्येकाच्या अंगावर एकेक उसना इलेक्ट्रॉन चढलेला. तो इलेक्ट्रॉन रसातील रंगद्रव्याच्या गळ्यात घातला, की रंगद्रव्याचे क्षपण होऊन रंग उतरतो आणि गंधक अधिक ३ वरून अधिक ४ वर जातो. निरीक्षकाच्या नमुन्यात सापडतो तो हा अधिक ४ चा गंधक. हायड्रोस केव्हाच खर्ची पडलेले असते, आणि प्रयोगशाळा मोजते ती त्याची शिल्लक.

आणि सारेच हायड्रोस रंगाच्या कामी येते असेही नाही. उकळत्या रसात त्याचा काही भाग रंगाला हात न लावता आपसांतच विघटन पावतो: अधिक ३ चे चार गंधक, एकूण अधिक १२, यांतून दोन बायसल्फाइटांत प्रत्येकी अधिक ४ असे ८ जातात आणि उरलेले ४ एका थायोसल्फेटात बसतात. बेरीज चोख जुळते. मात्र या थायोसल्फेटात, जुन्या छायाचित्रकारांच्या परिचयाच्या हायपोमध्ये, दोन गंधकांना सरासरीने अधिक २ असा अंक देण्याची शालेय रीत मला नेहमी खटकते. कारण त्यांतील एक गंधक तीन ऑक्सिजनांनी वेढलेला, तर दुसरा केवळ आपल्या भावाला चिकटून लोंबकळणारा, आणि दोघांना समान वाटणी देणारा हिशेब बेरजेला बरोबर असला तरी वस्तुस्थितीला धरून नाही.

रंग उतरला म्हणजे रंगद्रव्य नष्ट झाले, अशी समजूत करून घेण्याचेही कारण नाही. हवेतला ऑक्सिजन दिलेला इलेक्ट्रॉन पुन्हा काढून घेऊ शकतो. हायड्रोसचा गूळ साठवणीत पुन्हा काळवंडतो, त्याचे एक कारण हेच. तेव्हा गिऱ्हाईक ज्या पिवळेपणासाठी चार पैसे जास्त मोजते, तो टिकाऊ तर नाहीच, शिवाय मागे राहिलेले सल्फाइट दमेकऱ्यांना बाधू शकते. १८९५ साली शाहू महाराजांनी वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेने ज्या गुळाचा लौकिक देशभर नेला आणि २०१४ साली ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या नावाला लागलेला हा बट्टा एकट्या गुऱ्हाळमालकाच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. याच जिल्ह्यातील साखर कारखाने गंधक जाळून, म्हणजे शून्यावरून अधिक ४ वर नेऊन, तोच वायू रसात राजरोस सोडतात आणि त्या पांढऱ्या साखरेविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही; अर्थात पुढे स्फटिक वेगळे काढून धुतले जातात आणि गुळात मात्र काहिलीतले सर्व काही वाफ्यात उतरते, हा भेद नजरेआड करून चालणार नाही.

जुना गुळव्या रानभेंडीचा चीक रसात घालीत असे, आणि जाणते आजही घालतात. त्या बुळबुळीत रसाचे मुख्य काम मळी गोळा करून वर आणण्याचे. मळी काढली की रस निवळतो, परंतु ही केवळ गाळसाळ असल्याने रंगद्रव्यांच्या खात्यावर तिची नोंद अशी होतच नाही, आणि म्हणून तो रंग नंतर उलटतही नाही. मात्र हा गूळ उतरतो तपकिरी, आणि सौद्यात ढेपेला हात लावण्यापूर्वी व्यापारी अजून रंगच पाहतो.