विरळ हवेतील विमान

‘ब्लोम उंड फॉस बीव्ही १५५’ या जर्मन प्रायोगिक लढाऊ विमानाची १/७२ प्रमाणातील प्रतिकृती जोडू लागले की प्रथम नजरेत भरतो तो पंखांचा असाधारण विस्तार. मूळचे सुमारे २०.५ मीटर येथे सुमारे २८.५ सेंटिमीटर होतात. १२ किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या जेमतेम चौथा हिस्सा उरत असल्याने, तेथे शत्रूची बॉम्बफेकी विमाने गाठावयाची तर पंख लांब हवेत आणि इंजिनास पुरेसा प्राणवायू मिळण्याची निराळी तजवीजही हवी. ती तजवीज इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंवर फिरणाऱ्या टर्बोचार्जरकडे सोपविलेली होती. परंतु विरळ हवा उष्णताही अपुरीच वाहून नेते, म्हणून अभियंता रिखार्ड फोग्ट यांना पंखांवर अवजड शीतक (रेडिएटर) बसवावे लागले, आणि माझ्या मते या विमानाचे खरे शास्त्र तेथेच साठलेले आहे. १९४४ च्या सप्टेंबरात पहिले उड्डाण झाले; युद्धात मात्र ते कधीच उतरले नाही. प्रतिकृती करणाऱ्यांनी रंगापेक्षा त्या शीतकांच्या जोडणीस अधिक वेळ द्यावा.