दिवाळीची सुट्टी, बेघर माणसे आणि मुलांचे हात

28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री देशभर बेघरांची शिरगणती झाली. रस्त्याच्या कडेला, फलाटावर, पुलाखाली, देवळाच्या ओसरीत किंवा उघड्यावर राहणाऱ्यांना जनगणनेत बेघर मानतात. अशी माणसे देशात 17.73 लाख निघाली, त्यांतली सुमारे 2.10 लाख महाराष्ट्रात. बेघर म्हटले की शहरातला फूटपाथ आठवतो. पण या आकड्यातले 8.34 लाख लोक ग्रामीण भागातले होते.

सरकारी निवाऱ्यांची आखणी मात्र शहरांसाठीच झाली. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या निवाऱ्याचे प्रमाण धरले होते. 2011 मध्ये वर्धा शहराची लोकसंख्या लाखाच्या थोडी वर होती. त्याच जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले, बोर अभयारण्याजवळचे हिंगणीसारखे गाव अशा हिशेबात बसतच नाही. गावात एसटीच्या थांब्यावर किंवा देवळात कोणी एकटे माणूस पथारी टाकून असेल, तर त्याची विचारपूस गावानेच करायची. ऐन दिवाळीत कपाशीची वेचणी सुरू असते. या पट्ट्यात वेचणीसाठी बाहेरून आलेली कुटुंबेही पालात किंवा ताडपत्रीखाली हंगाम काढतात. त्यांचे घर कुठेतरी असते, पण त्या दिवसांत डोक्यावर छप्पर नसते.

विदर्भाला अशा माणसांना आधार देण्याची जुनी परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी भुकेल्यांना अन्न आणि बेघरांना आसरा हाच धर्म मानला. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या. अंध-अपंगांना पंगतीत बसवून जेवू घातले. मुलांपुरता दुसरा धागा वर्ध्याचाच. ऑक्टोबर 1937 मध्ये येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. हाताने केलेल्या उपयोगी कामातून शिकणे हा तिचा गाभा. बेघरांसाठी दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी केलेले काम त्यात चपखल बसते. फक्त मुलाला कीव नव्हे, काम शिकवायचे असते.

तयारी घरातून सुरू होते. सात-आठ वर्षांपर्यंतची मुले फराळाच्या पुड्या बांधतात, कपडे मापाप्रमाणे लावतात. त्यापुढची मुले वर्गणीचा हिशेब ठेवतात, सामानाची यादी करतात, तुटलेले बटण लावतात. फाटका सदरा बाजूला काढायचा. जो आपण घालणार नाही, तो दुसऱ्यालाही द्यायचा नाही. तेरा-चौदा वर्षांपुढची मुले मोठ्यांबरोबर प्रत्यक्ष जाऊ शकतात. जाणे दिवसाउजेडी आणि चार-पाच जणांच्या गटाने असावे. एकट्या मुलाला कधीच पाठवू नये.

काय न्यायचे, हे आधी एखाद्या मोठ्या माणसाने जाऊन विचारून ठरवावे. दात नसलेल्या म्हाताऱ्याला कडक शंकरपाळे किंवा शेंगदाण्याचा चिवडा काय कामाचा? मऊ बेसनाचा लाडू, खिचडी किंवा पोळी-भाजी चालते. मधुमेह असेल तर लाडूही नको. दिवाळीनंतर थंडी वाढत जाते. जमिनीवर झोपणाऱ्याला गारवा खालूनही लागतो. म्हणून ब्लँकेटबरोबर सतरंजी किंवा जाड चटई हवी. अंगाचा साबण, खोबरेल तेल, कंगवा, मापाच्या चपला आणि बायकांसाठी सॅनिटरी पॅड या वस्तू बहुतेक वाटपांत राहून जातात.

देण्याची रीतही मुलांना शिकवावी लागते. आधी नमस्कार, मग नाव विचारणे. वयस्कर माणसाला काका किंवा आजी म्हणून हाक. शेजारी बसून दोन गोष्टी ऐकायच्या. कोणी नको म्हटले, तर आग्रह नाही. रांगेत उभे करून फोटो काढायचे नाहीत. 2016 च्या सुमारास महाराष्ट्रात अनेक गावांत ‘माणुसकीची भिंत’ सुरू झाली. नको असलेले कपडे तिथे ठेवायचे आणि गरजूने हवे ते निवडून न्यायचे. घेणाऱ्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात अशी भिंत मुलांनाही चालवता येते.

काही प्रसंगी वाटप पुरत नाही. एकटे किंवा हरवलेले मूल दिसले तर 1098, बेवारस वृद्धासाठी 14567, आजारी माणसासाठी 108 हे क्रमांक मुलांना पाठ असावेत. भ्रमिष्टासारखे भटकणाऱ्या माणसाला मुलांनी गराडा घालू नये. मोठ्यांनी पोलिसांना कळवावे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन आरोग्यसेवेपर्यंत पोहोचवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. अशा आजाऱ्यांना बरे करून घरी पोहोचवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर होऊ शकते, हे कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने दाखवले आहे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शाळा उघडली की हे काम थांबू नये. महिन्यातला एक रविवार ठरवला, तर डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात ब्लँकेट शाबूत आहे का, औषध मिळते का, हे पाहता येते. पालातल्या मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीला आणि शाळेला कळवता येतात. सहा ते चौदा वयाच्या मुलांना 2009 च्या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कागदपत्रे नाहीत म्हणून शाळेला त्यांचा प्रवेश नाकारता येत नाही.