जुन्या मोटारीची पाटी

प्रदर्शनांतील जुन्या मोटारीपुढची पाटी बहुधा मालकाच्या कौतुकानेंच भरलेली असते. पाहणाऱ्यास हवी असते मोटारीची हकीगत. आर्णीच्या एखाद्या गृहस्थानें आपली 'प्रीमियर पद्मिनी' मांडली, तर पाटीवर प्रथम नांव, निर्मितीचें साल आणि १०८९ घनसेंटिमीटरचें एंजिन हीं यावींत. मग मुख्य गोष्ट: वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत इटलीच्या फियाट ११०० चें हें देशी रूप घडलें; १९७४ च्या सुमारास तें 'पद्मिनी' झालें, आणि मुंबईची टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धांवलें. मूळची टॅक्सी रंगवून खाजगी गाडी केली असल्यास तेंहि निःसंकोच लिहावें, जाणकार ओळखतोच. पाटी कांचेवर चिकटवूं नये, आंतलें सारें झांकतें.