वेष्टन, वही आणि क्षमापत्र

ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे श्रुतपंचमी. या दिवशी जिनमंदिरांतील ग्रंथांची कपाटे उघडली जातात, ग्रंथांवरील धूळ मऊ वस्त्राने पुसली जाते, विटलेली वेष्टने उतरवून नवी चढविली जातात आणि मग श्रुतपूजा होते. एके काळी ही वेष्टने घरातील आई-आजी शिवून देत. आता ती बहुधा बाजारातून येतात. चकाकणारे कापड, सोनेरी किनार, वर छापलेली अक्षरे. अर्पण करणाऱ्याच्या हाताचा स्पर्श मात्र त्यात पैसे मोजण्यापुरताच उरतो.

व्यापारी कुटुंबात भेटवस्तूंची वाण नसते. दिवाळीला सुक्या मेव्याचे खोके येतात आणि तितक्याच किमतीचे खोके परत जातात. लग्नात चांदीचे नाणे दिले तर त्याची नोंद होते आणि पुढील लग्नात त्याच वजनाचे नाणे येते. यात गैर काही नाही. व्यवहार व्यवहाराच्या जागी असावा. परंतु ज्या भेटीची किंमत समोरच्याला रुपया-पैशांत ठाऊक असते, ती भेट हिशेबात मिटते. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूचे असे होत नाही. तिच्यात देणाऱ्याचा वेळ असतो आणि वेळाची परतफेड त्याच नाण्यात करता येत नाही.

या जाणिवेने घरातील लहानथोरांनी मिळून वर्षभरात तीन वस्तू कराव्यात: श्रुतपंचमीला शास्त्राचे वेष्टन, चातुर्मासात एक शिवलेली वही आणि दशलक्षण पर्वाच्या अखेरीस एक क्षमापत्र. तिन्ही सोप्या आहेत आणि तिन्हींना आपल्या परंपरेचा आधार आहे. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी भोजन होते, त्या घराला रात्री दोन तासांचा निवांतपणा आयताच मिळतो. आज तो बहुधा मोबाईलच्या पडद्यासमोर खर्च होतो.

हस्तलिखितांचे ऋण

दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे नावाची श्राविका होऊन गेली. महाकवी पोन्नाच्या ‘शांतिपुराण’ या काव्याच्या एक हजार प्रती तिने लिहवून घेतल्या आणि वाटल्या. मुद्रणकला नव्हती, प्रत्येक प्रत लेखनिकाच्या हातून उतरली. ‘दानचिंतामणी’ ही तिची पदवी आजही आदराने उच्चारली जाते. षट्खंडागमावरील धवला टीकाही अशीच मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर शतकानुशतके जपली गेली आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचा पहिला खंड १९३९ साली छापून आला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात १९३० पासून तीन दशकांहून अधिक काळ अर्धमागधी शिकविणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी ‘वरांगचरित’ हे संस्कृत काव्य दोन ताडपत्री प्रतींवरून संपादून १९३८ साली प्रसिद्ध केले. या प्रती टिकल्या, कारण कुणी तरी त्या पुसल्या, बांधल्या आणि कोरड्या जागी ठेवल्या. असे करणाऱ्यांची नावे इतिहासात नाहीत. कापडाचा साधा चौकोन शिवणारे हात त्याच अनामिक परंपरेतील आहेत.

वेष्टन

कापड सुती असावे. रेशमाचा अखंड धागा मिळविण्यासाठी कोश आतील जिवासह उकळत्या पाण्यात टाकले जातात, हे ठाऊक असताना अहिंसेचा उपदेश करणारा ग्रंथ रेशमात गुंडाळणे विसंगत ठरते. सुती कापडासाठी कोल्हापूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून सुती कापड या जिल्ह्याचे घरचेच झाले आहे. ग्रंथासाठी कापड कोरे घ्यावे. मात्र शिवण्यापूर्वी ते धुऊन वाळवावे. धुतल्याने कापड आटायचे तेवढे आटते आणि त्यातील कांजी निघून जाते. कांजीवर कसर येते व कसर कागदही सोडत नाही. कापड रंगीत असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड ग्रंथासाठी वापरू नये.

सुमारे २८ सें.मी. लांब, २० सें.मी. रुंद आणि ५ सें.मी. जाड ग्रंथाला ७० सें.मी. बाजूचा चौकोन पुरतो. चारही कडा दोनदा दुमडण्यासाठी प्रत्येक बाजूला २ सें.मी. सोडावेत, म्हणजे ७४ सें.मी.चा चौकोन कापावा लागेल. धुतल्यानंतर १५० सें.मी. रुंद आणि २२५ सें.मी. लांब भरणाऱ्या सुती कापडातून असे सहा चौकोन निघतात आणि वाया जवळजवळ काहीच जात नाही. कडा दुमडून साधा धावदोरा घालावा. आठ-नऊ वर्षांचे मूल मोठ्यांच्या देखरेखीखाली तो सहज घालू शकते. टाके वाकडे आले तरी उसवू नयेत. एका कोपऱ्याला सुमारे १३० सें.मी. लांबीची नाडी पक्की शिवावी. नाडी घरीच करायची असेल तर सुताचे तीन पदर लांबीच्या दीडपट घेऊन त्यांची वेणी घालावी.

ग्रंथ चौकोनाच्या मध्यभागी तिरका ठेवावा. प्रथम खालचा कोपरा वर आणावा, नंतर दोन्ही बाजूंचे आत घ्यावेत आणि नाडीचा कोपरा शेवटी वरून आणून नाडी दोनदा फिरवून बांधावी. गाठ अशी असावी की एका ओढीत सुटेल, कारण वेष्टन वाचण्यासाठी सोडायचे असते. ग्रंथाचे नाव कोपऱ्यावर साध्या दोऱ्याने भरावे. दात्याचे नाव घातले नाही तरी चालेल. ज्या मुलाने टाके घातले आहेत, त्याला पुढच्या वर्षी मंदिरात ते वेष्टन बरोबर ओळखू येते.

वही

कीर्द आणि खतावणीच्या लाल वह्या हे एकेकाळी प्रत्येक पेढीचे वैभव होते. संगणक आला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि अनेक दुकानांत वही आता दिवाळीच्या पूजेपुरती उरली. तिच्या जाण्याने हिशेबाचे काही अडले नाही. मात्र त्या वह्यांच्या समासात आणखीही बरेच काही असे: कोणाचे लग्न, कोणत्या गावचा पाहुणा, कोणत्या वर्षी पंचगंगेचे पाणी कुठवर आले. संगणकाच्या तक्त्यात अशा नोंदींना रकाना नाही. म्हणून घरासाठी निराळी वही हवी आणि ती घरीच शिवता येते.

ए-चार आकाराचे आठ कागद घेऊन ते एकत्र मधोमध दुमडावेत. बत्तीस पानांची वही तयार होते. वेष्टनासाठी जाड पुठ्ठ्याऐवजी त्याच आकाराचा एक जाड कागद बाहेरून घ्यावा. त्यावर दुकानातील कटपीसचा तुकडा खळीने चिकटवून आधी वाळवून ठेवला म्हणजे वहीला टिकाऊपणा येतो. शिवण्यासाठी घडीवर तीन छिद्रे टोचावीत: एक मधोमध, दोन वर-खाली सारख्या अंतरावर. सुई आतून मधल्या छिद्रातून बाहेर काढावी, वरच्या छिद्रातून आत घ्यावी, आतल्या बाजूने थेट खालच्या छिद्रापर्यंत नेऊन बाहेर काढावी आणि पुन्हा मधल्या छिद्रातून आत आणावी. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याचे एकेक टोक राहील. ती दोन्ही टोके त्या टाक्यावरून घट्ट बांधली की वही तयार होते.

बांधणीच्या साहित्यात थोडा विवेक लागतो. बाइंडरांचा जुना सरस जनावरांची हाडे व कातडी उकळून केलेला असतो. दोऱ्याला लावायचे मेण मधमाशीचे असू शकते, आणि काही कुंचल्यांत डुकराचे केस असतात. या सर्वांना घरगुती पर्याय आहेत. दोन चमचे मैदा पेलाभर थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून मंद आचेवर ढवळत राहिल्यास चकचकीत, घट्ट खळ तयार होते. दोऱ्याला साध्या मेणबत्तीचे मेण लावावे आणि खळ कापडाच्या बोळ्याने पसरावी. खळ शिळी ठेवू नये. तिच्यात जीवोत्पत्ती होते. म्हणून चिकटविण्याचे काम सुटीच्या दिवशी सकाळी काढावे, तेवढीच खळ करावी आणि ती दिवसाउजेडी संपवावी. पुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालतात. तो विषारी असल्याने मुलांच्या हातात देऊ नये. पावसाळी हवेत चिकटविलेला कागद दाबाखाली दोन दिवस तरी ठेवावा.

वहीत काय लिहावे, यावर तिचे मोल ठरते. सासरी जाणाऱ्या मुलीसाठी वही असेल तर तिच्यात आजीच्या हातच्या, कांदा-लसूण-बटाटा न घालता होणाऱ्या भाज्या, माहेरच्या माणसांच्या जन्मतिथी आणि चातुर्मासातील नियम असावेत. रुखवतात मांडलेल्या महागड्या वस्तूंपेक्षा ही वही अधिक वेळा उघडली जाईल. नातवासाठी असेल तर आजोबांनी सांगावे आणि नातवाने लिहावे: मूळ गाव कोणते, कोल्हापुरात प्रथम कोण आले, पहिले दुकान कोणत्या गल्लीत होते, भाडे किती होते, पहिल्या वर्षी तोटा कसा झाला आणि उधारी कोणी दिली. यशाचा इतिहास प्रत्येक घराला पाठ असतो. पडत्या काळात कोणी हात दिला, हे मात्र दुसऱ्या पिढीत विसरले जाते. त्या नावांसाठी एक पान राखून ठेवावे.

क्षमापत्र

दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणी येते आणि श्वेतांबर परंपरेत संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले जाते. क्षमायाचना लिहून पाठविण्याची प्रथा जुनी आहे. श्वेतांबर संघ आपल्या आचार्यांना चित्रांनी सजविलेली लांबलचक विज्ञप्तिपत्रे पाठवीत; त्यांत क्षमायाचना असे आणि चातुर्मासासाठी येण्याची विनंतीही असे. आग्र्याच्या संघाने १६१० साली विजयसेनसूरींना पाठविलेले पत्र उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने रंगविले असून पर्युषणकाळात प्राणिहत्या थांबविणाऱ्या जहांगीराच्या फर्मानाचा प्रसंग त्यात चितारला आहे.

आज त्या जागी एकच चित्र शेकडो मोबाईलवर क्षणात जाते. ज्याच्याशी कधी वैर नव्हते, त्याची क्षमा मागितली जाते आणि ज्याच्याशी तीन वर्षे बोलणे नाही, त्याचे नाव त्या यादीत असूनही नसल्यासारखे असते. बाजारपेठेत अशी घरे विरळ नाहीत: एका पेढीच्या दोन वाटण्या झाल्या, मध्ये भिंत आली, पाटीवरच्या नावावरून वाद झाला आणि चुलत भावंडे एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. बँकेच्या भाषेत ज्या रकमेचे खाते ठरत नाही, ती उचंत खात्यात पडून राहते. अशी मनातील उचंत खाती वर्षानुवर्षे पुढे ओढली जातात. ती मिटविण्याचा दिवस आपल्या धर्माने पंचांगात नेमून दिला आहे.

क्षमापत्रासाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम. मात्र ज्या भागावर तीर्थंकरांची प्रतिमा किंवा णमोकार मंत्र छापलेला असेल, तो कापू नये. नव्या पत्रावरही तशी प्रतिमा चिकटवू नये, कारण पत्र पुढे कुठे पडेल याचा नेम नसतो. सजावटीला झाडावरून पान तोडू नये. गळून पडलेले पिंपळपान जुन्या वर्तमानपत्रात वजनाखाली दाबून, कागद रोज बदलत आठ-दहा दिवस ठेवले की वापरता येते. मुलांनी पत्र सजवावे, मजकूर मात्र मोठ्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावा.

मजकूर तीन-चार ओळींचा पुरे. ‘कळत-नकळत काही चुकले असल्यास’ या वाक्याने सुरुवात करू नये. त्यात चूक मान्यच होत नाही. काय घडले ते लिहावे, त्यातला आपला वाटा लिहावा. ‘वाटणीच्या दिवशी मुलांसमोर तुमच्या सचोटीविषयी मी जे बोललो ते खोटे होते आणि ते मला तेव्हाही ठाऊक होते,’ असे एक वाक्य लिहायला एक संध्याकाळ लागते. ‘तुम्हीही तेव्हा’ असे शब्द लेखणीवर आले, तर कागद बाजूला ठेवून दुसरा घ्यावा. पत्रासोबत मिठाई किंवा भेट देऊ नये, नाहीतर समोरच्याला परतफेडीची चिंता लागते. पत्राचे छायाचित्र कोणत्याही समूहावर टाकू नये. घरातील लहानांनी एक पत्र दुकानातील हमालाला किंवा घरकामाच्या मावशींना लिहावे. ज्यांच्यावर आपण सर्वांत सहज आवाज चढवितो, त्यांची क्षमा मागायला मुले लवकर शिकतात.

उत्तर येईलच असे नाही. काही पत्रे न फोडता राहतील, काही घरांतून दुसऱ्या वर्षी निरोप येईल, काहींतून कधीच येणार नाही. क्षमा देणे समोरच्याच्या हाती आहे. आपल्या वहीतील नोंद खरी करणे आपल्या. हे पत्र टपालाने पाठवू नये. एकाच गल्लीत दोन दुकाने आहेत आणि मध्ये दहा पावलांचे अंतर आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा गल्ल्यावरून उठावे आणि चालत जाऊन द्यावे.