‘चेक इंजिन’चा दिवा लागला? आधी ऑइल तपासा, मग खर्च करा

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट लागला की गाडीची खरी परीक्षा होते. एरवी सहज चढणारी पेट्रोल कार दम टाकते, मायलेज घसरते, सिग्नलवर इंजिन थरथरते आणि मीटरवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमधला स्कॅनर ‘पी ००११’ असा कोड दाखवतो आणि महागडे पार्ट बदलण्याची चर्चा सुरू होते. पण अनेकदा दोष पार्टमध्ये नाही, ऑइलमध्ये असतो.

व्हीव्हीटी म्हणजे काय?

इंजिनातील व्हॉल्व्ह कधी उघडायचे, हे कॅमशाफ्ट ठरवते. जुन्या इंजिनांत ही वेळ कायमची ठरलेली असे. व्हीव्हीटी इंजिनात ती वेग आणि भारानुसार पुढे-मागे होते. कॅमशाफ्टच्या टोकाला असलेल्या फेझरमध्ये दाबाखालचे इंजिन ऑइल शिरते आणि कॅमशाफ्ट काही अंश फिरवते. हे ऑइल किती आणि कोणत्या बाजूला सोडायचे, ते संगणकाच्या हुकमावर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ठरवतो. म्हणूनच ऑइल कमी, जुने किंवा चुकीच्या ग्रेडचे असेल, तर सारे गणित बिघडते.

कोड काय सांगतो?

• पी ००१० : सोलेनॉइडच्या वायरिंगमध्ये किंवा कॉइलमध्ये दोष
• पी ००११ : इनटेक कॅमचे टायमिंग गरजेपेक्षा पुढे
• पी ००१२ : तेच टायमिंग गरजेपेक्षा मागे
• पी ००१६ : क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टचा मेळ बसत नाही

कोड म्हणजे निदान नव्हे. कोणता पार्ट खराब आहे हे तो सांगत नाही, कुठे शोधायचे एवढेच सांगतो.

तपासणीचा क्रम

१. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहा. ऑइल घट्ट, काळे असेल किंवा मुदत उलटली असेल, तर मॅन्युअलमधील ग्रेडचेच ऑइल आणि नवा फिल्टर टाका.
२. सोलेनॉइडचा कनेक्टर आणि वायर तपासा. कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून कंपनीच्या आकड्याशी ताडा.
३. सोलेनॉइड बाहेर काढून त्याची बारीक जाळी पाहा. गाळ साचला असेल तर साफ करा. व्हॉल्व्ह अडकत असेल तरच बदला.
४. कॅम आणि क्रँक सेन्सरचे सिग्नल स्कॅनरवर पाहा.
५. इथपर्यंत सारे ठीक असेल, तरच टायमिंग चेन आणि फेझर उघडा. या कामाची मजुरीच मोठी असते.

केव्हा थांबू नये?

सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर खडखड येत असेल, तर फेझरची लॉक पिन झिजलेली किंवा चेन ढिली झालेली असू शकते. पी ००१६ सोबत असा आवाज असेल तर गाडी चालवत राहू नका. चेनने दात सोडले तर काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होत आहे. वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवा.

काम झाल्यावर कोड पुसून घ्या, गाडी चढावावर चालवा आणि पुन्हा स्कॅन करून मगच बिल द्या. सिडको ते सातपूर अशा रोजच्या छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापत नाही आणि गाळ लवकर धरतो. अशा वापरात किलोमीटर पूर्ण झाले नसले, तरी मुदत संपताच ऑइल बदलणे स्वस्त पडते.